नाव दिसतंय, दुवा भलतीकडेच: तबकड्यांच्या श्रेयनोंदी कशा दुरुस्त करायच्या?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. बडोद्याचा आमचा जुना वाडा आता पुनर्बांधणीला जातोय. माळ्यावर आजेसासऱ्यांनी जमवलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आणि काही एलपी होत्या. वाजवायला यंत्र नाही, पण लेबलं बऱ्यापैकी शाबूत आहेत. तेव्हा निदान नोंद तरी राहावी म्हणून घरातली पोरं आणि शेजारचे दोन निवृत्त मास्तर यांनी मिळून सगळं एका गूगल शीटमध्ये उतरवलं. तिथून आता डिस्कॉग्ज आणि म्युझिकब्रेन्झ या तबकड्यांची माहिती साठवणाऱ्या साइटींवर चढवणं चालू आहे.

अडचण अशी. फैयाज खाँसाहेबांच्या तबकड्या चढवल्या. पानावर नाव दिसतं, त्याखाली रेघही येते. टिचकी मारली की एक कोरं पान उघडतं आणि त्यावर फक्त आमच्याच तबकड्या. खाँसाहेबांचं खरं पान वेगळंच आहे, तिथे आमच्यातली एकही नाही. हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांच्या जुगलबंदीची एक नोंद आहे, ती दोघींपैकी एकीच्याही पानावर नाही. "हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे" नावाची कोणी तिसरीच बाई तयार झालीय. टिपेत दुवे घातले होते, ते दुवे न होता कंसासकट जसेच्या तसे छापले गेलेत. आणि एलपींवरचे तबलेवाले, पेटीवाले तर कुठेच उगवले नाहीत.

ज्या गावात खाँसाहेब दरबारगायक होते आणि जिथे १९५० च्या नोव्हेंबरात ते गेले, त्या गावातून चढवलेल्या तबकड्या त्यांच्या नावावर लागू नयेत म्हणजे काय! जाणकारांनी प्रकाश टाकावा. हे एकेक करून निस्तरायचं, की काही शॉर्टकट आहे?

वाचनमात्र

वाचतेय. आमच्याकडेही एक ट्रंक भरून आहेत, पण उघडायची हिंमत होत नाही.

सराफ्यातला

धागाकर्त्या ताई, शॉर्टकट नाही. पण घाबरू नका, तुमच्या चारही तक्रारी वेगवेगळ्या आहेत. एकेक सोडवू.

पहिली आधी. या दोन्ही साइटींवर "नाव" ही एक गोष्ट नसते, दोन असतात. एक म्हणजे माणूस आणि दुसरी म्हणजे त्या तबकडीवर छापलेलं त्याचं नाव. म्युझिकब्रेन्झमध्ये प्रत्येक कलाकाराला अक्षरं, आकडे आणि मधल्या रेघा मिळून ३६ चिन्हांचा एक ओळखक्रमांक असतो. दुवा त्या क्रमांकाला लागतो, अक्षरांना नाही. छापील रूपासाठी "श्रेय असं दिलं" अशा अर्थाची वेगळी चौकट असते. डिस्कॉग्जवर त्यालाच एएनव्ही म्हणतात, म्हणजे नावाचं बदललेलं रूप. ते भरलं की पानावर नावापुढे छोटी फुली (*) येते. फुली दिसली की समजायचं, छापलंय वेगळं, माणूस तोच.

तुमच्या पोरांनी बहुधा लेबलावरचं "प्रो. फैयाज खाँ" सरळ मुख्य चौकटीत टाकलं. हुबेहूब त्या नावाचा कलाकार आधी नव्हता, म्हणून नवीन पान उघडलं गेलं. दुवा तुटला असता तर बरं होतं, लगेच लक्षात आलं असतं. इथे दुवा ठणठणीत आहे, फक्त अस्तित्वात नसलेल्या माणसाकडे जातोय.

आम्हा इंदूरवाल्यांना हे चटकन कळतं, कारण लताबाई आमच्या गावात जन्मल्या. १९४९ च्या 'महल'मधल्या त्यांच्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिकेचं नाव "कामिनी" छापलं होतं. कामिनी म्हणजे पडद्यावरचं पात्र. आता नोंदवणाऱ्यानं कामिनी लिहायचं की लता मंगेशकर? दोन्ही. छापील रूप कामिनी, दुवा लता मंगेशकर. पुढे त्यांनीच 'आनंदघन' नावानं 'मोहित्यांची मंजुळा' आणि 'साधी माणसं' या मराठी चित्रपटांना संगीत दिलं. तिथेही तसंच. कामिनीचं वेगळं पान केलंत तर संपलं, मग ते गाणं लताबाईंच्या यादीत शोधणाऱ्याला कधी सापडायचंच नाही.

कोथरूडची_खिडकी

हे सगळं ठीक. पण मुळात "प्रो." वगैरे लिहायचंच कशाला? त्या काळी रेकॉर्ड कंपन्या कुणालाही प्रोफेसर करायच्या. शीटमध्येच फाइंड अँड रिप्लेस मारून प्रो., पंडित, उस्ताद, मास्टर, मिस, बाई हे सगळं उडवा. स्वच्छ नावं उरतील, आपोआप जुळतील. हाय काय अन् नाय काय.

लष्करवाला

खिडकीताई, एवढा उपकार ग्वाल्हेरवर करू नका!

आमच्या कृष्णराव शंकर पंडितांचं (१८९३–१९८९) "पंडित" हे आडनाव आहे. तुमचा रिप्लेस फिरला की उरणार "कृष्णराव शंकर". वडील शंकर पंडित, ते होणार नुसते "शंकर". मग त्या "शंकर"चा दुवा कुठे जाऊन लागेल ते बघा आणि हसा किंवा रडा.

आता पुढचं. "मास्टर" काढलंत की मास्टर कृष्णरावांचे, म्हणजे फुलंब्रीकरांचे, उरतात फक्त "कृष्णराव". एकीकडे ग्वाल्हेर घराण्याचे कृष्णराव, दुसरीकडे भास्करबुवांचे शिष्य कृष्णराव, आणि अर्धवट नाव कोणालाही चिकटायला मोकळं. "बाई" काढलंत तर हिराबाईंची "हिरा" होईल. तीही वेगळी कलाकार निघायची.

पलुस्कर पितापुत्रांचं तर विचारूच नका. वडील विष्णु दिगंबर, मुलगा दत्तात्रेय विष्णु. वडील वि. दि., मुलगा द. वि. इंग्रजीत आद्याक्षरं घेतली तर एक व्ही. डी. आणि दुसरा डी. व्ही. आडनाव पुढे, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, अशी यादी कुणी केली आणि ती उलटवताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की १९३१ साली गेलेले बुवा पन्नासच्या दशकातल्या तबकडीवर गायला बसतात. हा विनोद नाही. अशा नोंदी मी स्वतः हातानं सोडवल्यात.

दांडियाबाजार

हसून हसून पुरेवाट! पण घाम पण फुटला, कारण पुतण्यानं रिप्लेस ऑलरेडी एकदा मारलाय. उपाध्यांचा नाही, "व"चा. मास्तरांनी "हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे" असं लिहिलं होतं. पुतण्याला "व"च्या जागी सगळीकडे अँडचं चिन्ह हवं होतं. आजूबाजूची मोकळी जागा न धरता नुसता "व" शोधला. आता शीटमध्ये एक "&संतराव" आहेत, एक "&िष्णु" आहेत आणि "के&ळ तबला" असंही कुठेतरी आहे. मास्तर दोन दिवस पुतण्याशी बोलत नव्हते.

जुनी आवृत्ती परत आणली, गूगल शीट ते करू देतं म्हणून वाचलो. पण मग जुगलबंदीचं नक्की कसं लिहायचं?

सराफ्यातला

दोन कलाकार, दोन चौकटी, मधला जोडशब्द वेगळा. म्युझिकब्रेन्झमध्ये पहिल्या ओळीत हिराबाई, त्यांचा दुवा. मग जोडशब्द " आणि ", लेबलावर जो असेल तो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची. नाहीतर "बडोदेकरआणिसरस्वती" असं एकसलग छापलं जातं. दुसऱ्या ओळीत सरस्वती राणे. डिस्कॉग्जवरही तीच पद्धत.

आणि एक. शीटमध्ये कुणी "बडोदेकर, हिराबाई" असं लिहिलंय का तपासा. स्वल्पविरामावरून नावं तोडणारं सूत्र लावलं असेल तर त्यातून "बडोदेकर" आणि "हिराबाई" अशा दोन व्यक्ती निघतात. आडनाव-आधी हे रूप फक्त क्रमवारीच्या चौकटीत ठेवायचं, श्रेयाच्या चौकटीत नाही.

भातुकली

आडनावाचा विषय निघालाच आहे तर त्या घरापुरती आडनावं विसरलेलीच बरी. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलं: सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे, कृष्णराव माने. सख्खी भावंडं, आणि आडनावं तीन. घरातली पहिली नावं आणखी वेगळी, हिराबाईंचं चंपाकली. आडनावावरून नातं शोधणारा माणूस इथे पार गोंधळणार. म्हणून म्युझिकब्रेन्झवर व्यक्ती-व्यक्तीमधलं नातं वेगळं नोंदवता येतं, आईवडील, भावंडं, गुरू-शिष्य सगळं. ते भरायला मात्र कुणाला वेळ नसतो.

अवांतर: हिराबाईंचा जन्म मिरजेचा, तरी आडनाव बडोदेकर. बडोद्याच्या लोकांनी या एका गोष्टीवर किती वर्षं कॉलर ताठ ठेवलीय!

दांडियाबाजार

ठेवणारच ने!

सुरसागर_काठ

मीही बडोद्याचाच, रावपुऱ्यात वाढलो. पोटापाण्यासाठी डेटाचंच काम करतो. ताईंनी व्यक्तिगत निरोपातून शीट पाठवली, काल रात्री बसून पाहिली. मंडळी, हा खजिना आहे. चुका इतक्या अस्सल मराठी आहेत की इंग्रजी मदतपानांवर त्यांचा उल्लेखही सापडणार नाही.

टिपेतले दुवे का तुटले? डिस्कॉग्जच्या टिपेत दुवा द्यायचा तर चौकटी कंस, इंग्रजी ए, बरोबरचं चिन्ह, मग नाव, मग कंस बंद. मास्तर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टंकतात. कंस उघडताना कीबोर्ड इंग्रजीत होता. नावासाठी मराठीत आणला. आणि कंस बंद करताना परत इंग्रजीत न्यायचा राहिला. इन्स्क्रिप्टमध्ये चौकटी कंस बंद करायच्या कळीवर नुक्ता असतो. म्हणजे कंसाऐवजी शेवटच्या अक्षराखाली टिंब पडलं. आता गंमत बघा, "र"खाली नुक्ता दिला की तो होतो "ऱ". त्यामुळे शीटमधले यच्चयावत "कर" हे "कऱ" झालेत. बडोदेकऱ, मंगेशकऱ, पलुस्कऱ. कंस बंदच झाला नाही, म्हणून पुढचा सगळा परिच्छेद त्या दुव्याच्या पोटात गेला. छोट्या अक्षरात ते टिंब डोळ्याला दिसतही नाही. पडदा दोनशे टक्के मोठा केला तेव्हा दिसलं. "खाँ"सारखं नाव शेवटी असेल तिथे बिचाऱ्या टिंबाला बसायला जागा मिळत नाही, तेव्हा ते ठिपक्यांच्या गोलावर लटकलेलं दिसतं. तेवढ्या जागा मास्तरांनी "प्रिंटर खराब" म्हणून सोडून दिल्यात.

तबलेवाले का उगवले नाहीत? विसर्ग. शीटमध्ये "तबला: अमुक" अशा ओळीतून अपूर्णविरामाच्या आधीचं वाद्य आणि नंतरचं नाव वेगळं करणारं सूत्र आहे. निम्म्या ओळींत अपूर्णविरामच नाही, तिथे विसर्ग आहे. "तबलाः", "हार्मोनियमः", "संगीतः". इन्स्क्रिप्टवर अपूर्णविरामाच्या कळीवर "छ" असतो, म्हणून सगळे सर्रास विसर्गावर भागवतात. लग्नपत्रिकेत "स्थळः" असं छापतात ना, तसंच. माणूस वाचतो, सूत्र वाचत नाही. त्याच्या लेखी ते वाद्याचं नावच "तबलाः". बरं, ते तुटून आलं असतं तरी डिस्कॉग्जवर भूमिकांची यादी इंग्रजीत ठरलेली आहे, देवनागरी "तबला" तिथे चालणार नाही. यादीतलं वाद्य निवडायचं, जास्तीचं काही सांगायचं तर त्यापुढे चौकटी कंसात. आणि तबलजी एकाच बाजूला असेल तर "ट्रॅक"च्या चौकटीत तसं लिहायचं, नाहीतर तो अख्ख्या एलपीभर वाजवतो.

वाचनमात्र

बडोदेकऱ! कालपासून घरात सगळ्यांना कऱ-कऱ म्हणून हाक मारतेय.

कोथरूडची_खिडकी

लष्करवाले, पंडितांचा मुद्दा मान्य. रिप्लेस मागे घेते. पण एक शंका अजून तशीच आहे. लेबलावर चुकीचं छापलंय हे आपल्याला ढळढळीत दिसत असताना ते चुकीचंच जपून ठेवायचं? शुद्धलेखन नावाची काही चीज आहे की नाही? खाँ, खां, खान, ख़ान. फैयाज, फैय्याज, फ़ैयाज़. एक प्रमाण रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. ग्रंथालयं तेच करतात.

भातुकली

ग्रंथालयं दोन्ही ठेवतात हो. मुखपृष्ठावर काय छापलंय ते वर्णनात, आणि कोणत्या लेखकाखाली लावायचं ते अधिकृत नावात. म्हणजे सराफ्यातले म्हणतात तीच पद्धत.

शिवाय जे चूक वाटतं तेच कधीकधी ओळख पटवतं. एकच गाणं दोनदा छापून निघालं, पहिल्या खेपेला "प्रो." होतं, दुसऱ्या खेपेला नाही. दोन्ही तबकड्यांचं नाव तुम्ही "सुधारून" एक केलंत तर कोणती कुठली हे सांगणारा एक पुरावा गेला. तबकडीच्या आतल्या गुळगुळीत कड्यावर जो मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो तोही जसाच्या तसा घेतात ना? त्याला कोणी शुद्धलेखन लावत नाही.

लष्करवाला

+१. आणि नाव छापलेलंच नसेल तर? सुरुवातीच्या काळात गाणं संपल्यावर गायिका स्वतःच नाव सांगायची. १९०२ मध्ये गौहरजान यांनी "माय नेम इज गौहर जान" म्हटलेलं आजही ऐकू येतं. तेसुद्धा श्रेयच झालं. लेबल झिजलं असेल तर शेवटचे पाच सेकंद ऐका.

कोथरूडची_खिडकी

यंत्र नाही म्हणतायत ना त्या. पण बरं. "फैय्याज" शोधलं की आपल्या रंगभूमीवरच्या फैय्याज येतील, त्यांचं काय?

सराफ्यातला

हा खरा प्रश्न. एकाच नावाची दोन माणसं असली की डिस्कॉग्ज नावापुढे कंसात आकडा लावतं, दोन, तीन असा. म्युझिकब्रेन्झ आकडा लावत नाही, नावाखाली बारीक अक्षरात ओळखीची टीप ठेवतं: "आग्रा घराणे, गायक" किंवा "मराठी गायिका-अभिनेत्री". त्यामुळे टिपेत नावानं दुवा देताना डिस्कॉग्जवर तो आकडा विसरलात की दुवा दुसऱ्याच्या पानावर जातो. म्हणून मी तर म्हणतो, नावानं दुवा देऊच नका. पानाच्या पत्त्यातला क्रमांक उचला आणि कंसात तोच घाला. क्रमांकाला ना नुक्ता लागतो, ना विसर्ग.

खाँसाहेबांच्या बाबतीत आणखी एक. बंदिशींमध्ये त्यांची मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, "प्रेमपिया" आहे. एखाद्या एलपीवर रचनाकार म्हणून प्रेमपिया छापलं असेल तर तिथे नवं पान करू नका. छापील रूप प्रेमपिया, दुवा फैयाज खाँ. दुसरा गायक त्यांची बंदिश गातो तेव्हा मुद्दाम बघा, सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो.

दांडियाबाजार

मोठ्ठं काम झालं. सुरसागर भाऊ, दंडवत. "कर" सगळे दुरुस्त केले. विसर्गाचेही. पण एक नाव अजून छळतंय. एका एलपीच्या वेष्टनावर साथीला "कऱ्हाडकर" आहेत. शीटमध्ये दोनदा आलंय, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं. तरी एकदा दुवा लागतो आणि एकदा नवं पान उघडतं. मी चष्मा बदलून पाहिला. काही फरक नाही.

सुरसागर_काठ

चष्म्याचा दोष नाही. हा आपला "ऱ्ह". तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक म्हणजे सरळ ऱ, हलंत, ह. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, मग एक न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी नावं.

तपासायची सोपी युक्ती. शीटमध्ये शेजारच्या घरात लेन हे अक्षरं मोजणारं सूत्र लावा. पहिलं "कऱ्हाडकर" ८ दाखवेल, दुसरं ९. हा जास्तीचा एक म्हणजे तो अदृश्य जोडक. तुमच्याच शीटवर करून पाहिलं, एका ओळीत ८ आणि एका ओळीत ९ आलंय. नऊवालं नाव पुसून आठवालं चिकटवा.

नुक्त्याचं तसं नाही. "ऱ" एका अक्षरात टंका किंवा "र" अधिक नुक्ता असं टंका, युनिकोडच्या प्रमाणीकरणात दोन्ही एकच ठरतात. ज्या प्रणाली ते करतात तिथे त्रास होत नाही. पण झेडडब्ल्यूजे असलेलं रूप आणि "ऱ"वालं रूप प्रमाणीकरणानंतरही वेगळीच राहतात. गोऱ्हे, बऱ्हाणपूरकर, ज्यांच्या ज्यांच्या नावात हा डोळ्यातल्या पापणीसारखा र आहे, त्या सगळ्यांना हे लेन लावून घ्या.

तसाच शेवटचा मोकळा स्पेस. "सरस्वती राणे" आणि "सरस्वती राणे " यांत फरक दिसणार नाही, लेनमध्ये एक वाढेल. त्याला ट्रिम हे सूत्र लावा. वेबपानावरून नक्कल केली असेल तर कधीकधी न तुटणारा स्पेस येतो. तो ट्रिमनं जात नाही, शोधून बदलायला लागतो.

आणि कृपा करून ती फाइल एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्हीत जतन करू नका. यूटीएफ-८ चा पर्याय निवडला नाही तर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हं होते, आणि ती परत येत नाही. मागच्या वर्षी एका मंडळाची अख्खी कार्यक्रमसूची अशी ???? झालेली मी पाहिलीय.

लष्करवाला

यात श्रीलिपीवाले, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकणारे, राहिले. आमच्याकडे एका स्मरणिकेचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडात बदलला, तर ऱ्हस्व वेलांट्या एकेक अक्षर पुढे सरकल्या आणि रफार भलत्याच डोक्यावर बसले. तसं मिळालेलं नाव डेटाबेसमध्ये चिकटवूच नये. समोर मूळ छापील पान ठेवून हातानं टंकावं. चार नावं असतात, जीव जात नाही.

दांडियाबाजार

आता चुकून तयार झालेल्या पानांचं काय? "प्रो. फैयाज खाँ" आणि ती तिसरी बाई?

सराफ्यातला

म्युझिकब्रेन्झवर दोन वेगळे उपाय आहेत, गल्लत करू नका.

"प्रो. फैयाज खाँ" म्हणजे तोच माणूस, दुसरं पान. ते विलीन करायचं. विलीन केल्यावर जुना क्रमांक मरत नाही, तो नव्याकडे वळतो, त्यामुळे कोणी जुना दुवा कुठे दिला असेल तर तोही चालतो. विलीन करताना कोणतं राहणार ते नीट निवडा. जुनं, भरलेलं पान ठेवायचं, तुमचं कोरं त्यात जायला हवं. "प्रो. फैयाज खाँ" हे रूप पर्यायी नावांत टाका, म्हणजे पुढच्या माणसानं तसं शोधलं तरी खाँसाहेबच सापडतील.

ती तिसरी बाई विलीन करायची नाही! तिला हिराबाईंमध्ये विलीन केलंत तर सरस्वतीबाईंचं गाणं हिराबाईंच्या नावावर जाईल. तिथे नोंदीत जाऊन श्रेय दोन चौकटींत तोडायचं. सगळ्या नोंदी सुटल्या की ते पान रिकामं होतं आणि कालांतरानं काढून टाकलं जातं.

दुरुस्ती लगेच लागू होईल असं धरून चालू नका. विलीनीकरणासारखे बदल सात दिवस मतदानाला खुले राहतात. बदलाच्या टिपेत कारण लिहा आणि लेबलाच्या फोटोचा दुवा द्या. नुसतं "चूक होती" लिहिलंत तर कोणी तरी परदेशी गृहस्थ येऊन विचारणार, हे दोघे एकच कशावरून? त्यांचंही बरोबरच असतं. त्यांना बडोदा कुठंय हे माहीत असायचं कारण नाही.

कोथरूडची_खिडकी

वाचनखूण साठवली. भांडायला आले होते, शिकून चालले.

भातुकली

ताई, एक सांगायचं राहिलं. एलपींवरच्या साथीदारांना आधी लावा, मुख्य गायक नंतर. खाँसाहेबांच्या तबकड्या आज ना उद्या कोणी तरी जागेवर आणेलच, त्यांच्यामागे लोक आहेत. ७८ च्या लेबलांवर साथीदारांची नावं क्वचित असायची. एलपीच्या पाठीवर पहिल्यांदा बारीक अक्षरात ती यायला लागली. तेवढी एक ओळ सोडली तर त्या तबलजीचा जगात दुसरा पुरावा नसेल.

दांडियाबाजार

हे पटलं. काल तेच केलं, सगळ्या एलपींच्या पाठी आधी. मास्तरांशी पुतण्याचा समेटही झाला, दोघं मिळून सेवउसळ खाऊन आले आणि मग बसले.

आता एकच अडलंय. एका पाठीवर "हार्मोनियम: जोशी" एवढंच आहे. आद्याक्षर नाही, काही नाही. मास्तर म्हणतात, हे आपल्याच सुरसागरच्या संगीत महाविद्यालयातले जोशी असणार, १८८६ पासून तिथे संगीत शिकवतायत, कोणीतरी जोशी असणारच. पुतण्या म्हणतो, डेटाबेसमध्ये पेटीवाले जोशी आधीच आहेत, त्यांना लावून टाकू.

लष्करवाला

दोन्ही नको. पेटीवाले जोशी महाराष्ट्रात मोजायला बसलो तर धागा शंभरीच्या पुढे जाईल.

सराफ्यातला

नवं पान करा, नाव नुसतं "जोशी". ओळखीच्या टिपेत वाद्य, गायकाचं नाव आणि एलपीचा क्रमांक घाला, म्हणजे दुसरा कोणी आपला जोशी त्यात ढकलणार नाही. मास्तरांचा अंदाज भाष्यात लिहा, अंदाज म्हणून. उद्या कोणाकडे त्याच मैफिलीचा फोटो किंवा निमंत्रणपत्रिका निघाली तर दोन पानं विलीन करणं पाच मिनिटांचं काम आहे. चुकीच्या जोशींना चिकटवलेलं सोडवताना मात्र कोणती तबकडी कोणाची हे परत मुळापासून शोधावं लागतं.

सुरसागर_काठ

आणि पाठीचा फोटो चढवताना तो कोपरा सावलीत जाऊ देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत "जोशी"च्या आधी काहीतरी पुसट दिसतंय. "ग" असेल, "रा" असेल, नाहीतर नुसता डाग. दिवसाउजेडी खिडकीशी धरून परत एक काढा आणि इथे टाका, सगळे मिळून बघू.